तीन वर्षांचे रविवार

एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, अशी दुप्पट सदुसष्ट वेळा करीत जावे आणि शेवटी एक वजा करावा. उत्तर एकवीस अंकी येते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. आमचे शालेय शिक्षण सातवीवर थांबले. पण या संख्येची हकीकत वाचली तेव्हापासून ती आमच्या डोक्यातून गेलेली नाही.

तेरा, सतरा अशा संख्यांना एकाखेरीज आणि त्यांच्या स्वतःखेरीज कोणीच निःशेष भागत नाही. त्या मूळ संख्या. मेर्सेन या फ्रेंच मठवासी विद्वानाने १६४४ साली आपल्या यादीत वरील संख्याही मूळ म्हणून घातली. १८७६ साली ल्युका या गणितज्ञाने ती मूळ नाही असे सिद्ध केले. मात्र तिचे अवयव कोणते, हे त्याच्या रीतीतून कळत नव्हते.

अवयव न सापडता हे सिद्ध कसे होते, असे कोणी विचारील. आम्हांला त्यात नवल वाटले नाही. एका कारखान्यात हजेरीपटाची बेरीज आणि पगारपत्रकाची बेरीज जुळत नव्हती. चूक आहे हे त्यावरूनच सिद्ध झाले होते. व्यवस्थापक म्हणाले, "कोठे आहे ते बोट ठेवून दाखवा." त्याला आम्हांला चार महिने लागले.

येथे बोट ठेवले ते अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत ते फळ्यापाशी गेले. ई. टी. बेल यांनी लिहिले आहे की, कोल एक शब्दही बोलले नाहीत. एकीकडे त्यांनी दुपटीचा हिशेब मांडला, दुसरीकडे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली. टाळ्या पडल्या.

शोध अगदीच आंधळा नव्हता. सदुसष्ट ही स्वतः मूळ संख्या असल्यामुळे या मोठ्या संख्येच्या कोणत्याही भाजकाला १३४ ने भागले तर बाकी एकच उरते. म्हणजे १३५, २६९, ४०३ अशा पायऱ्याच तेवढ्या तपासायच्या. तरीही कोल यांचा लहान अवयव या जिन्याच्या १४,४५,५८० व्या पायरीवर बसलेला आहे! त्यांनी आणखीही चाळण्या लावल्या. किती काळ लागला, असे बेल यांनी पुढे विचारले तेव्हा उत्तर मिळाले: तीन वर्षांचे रविवार. (मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १८९० साली. रविवार आयता मिळत नाही, म्हणून सांगितले.)

आज संगणक हे अवयव क्षणात काढतो. शेकडो अंकांच्या संख्येपुढे मात्र तोही अडतो, आणि बँकांचे गुप्त संदेश पुष्कळदा या अडचणीच्याच भरवशावर चालतात.

पडताळा घ्यायचा असेल तर दोन्ही अवयवांतील अंकांची बेरीज करीत जावे. प्रत्येकी शेवटी एक उरतो. गुणाकाराचाही एकच उरतो. अर्थात याने चूक पकडता येते, बरोबर असल्याची हमी मिळत नाही. पुरता गुणाकार करणाराने कागद आडवा घ्यावा. आम्हांला त्यात एका रविवारची सकाळ लागली, आणि हातचे दोनदा चुकले.