आधी विचारा, गाठ कुठे आहे? (आपलं आरोग्य : लेखांक ७)

सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला की रेडमंडमधल्या मराठी घरातून पहिला फोन जातो पुण्याला नाहीतर नाशिकला. आई म्हणते, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाक. कायमची कटकट जाईल." दुसरा फोन इन्शुरन्स कंपनीला. आणि मनात तिसराच हिशोब चालू असतो: रजा किती लागेल? नवरा मायक्रोसॉफ्टमध्ये, मुलं शाळेत, आईचा व्हिसा कधी होईल याचा नेम नाही, घराचे जिने तर चढायचेच आहेत. मग "कमी कापाकापीचा, लवकर उठवणारा" उपचार शोधला जातो. हे अगदी साहजिक आहे. पण रजेच्या दिवसांवरून उपचार ठरवू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. सगळ्यात आधी विचारायला हवं ते हे की गाठ नेमकी कुठे आहे.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतून वाढलेली साधी गाठ. ती जवळजवळ कधीच कॅन्सरची नसते. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांना एखादी तरी असते आणि अनेकींना तिचा पत्ताही लागत नाही. सगळा फरक जागेने पडतो. अस्तराखालची दोन सेंटीमीटरची गाठ अंगावरून इतकं रक्त घालवू शकते की हिमोग्लोबिन आठवर येतं. बाहेरच्या बाजूला वाढलेली सात सेंटीमीटरची गाठ वर्षानुवर्षं गप्प बसते. त्रास नसेल तर तिला हात लावायचं कारण नाही. पाळी गेली की ती बहुधा आपोआप आक्रसते.

अस्तराकडची गाठ योनिमार्गातूनच दुर्बीण घालून खरवडून काढता येते. पोटावर एकही टाका पडत नाही आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी येता येतं. भिंतीतल्या गाठी पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून काढतात, किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने जागच्या जागी निकामी करतात. औषधंही आहेत. अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये दोन नव्या संप्रेरक गोळ्यांना मान्यता मिळाली. मात्र हाडं विरळ होण्याच्या भीतीने त्या दोन वर्षांपेक्षा जास्त घेत नाहीत.

एम्बोलायझेशनबद्दल, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याच्या उपचाराबद्दल, मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचं नाव बायकांच्या कानावर सगळ्यात उशिरा येतं. पॅरिसचे डॉ. जाक राविना ऑपरेशनमधला रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी गाठींचा रक्तपुरवठा बंद करत. तेवढ्यानेच काही बायकांचा त्रास इतका कमी झाला की पुढचं ऑपरेशन लागलंच नाही. १९९५ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात हाच उपचार घेतला.

यात मनगटातून किंवा जांघेतून धमनीत बारीक नळी सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिथे मिलिमीटरहूनही बारीक कण सोडतात. गाठीला रक्त जास्त लागतं, म्हणून प्रवाहाबरोबर कण तिकडेच ओढले जातात आणि तिची कोंडी होते. गर्भाशयाला आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त मिळत राहतं. तासाभराचं काम, पूर्ण भूल बहुधा लागत नाही. पण "काही नाही हो, नुसती सुई" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या रात्री ओटीपोटात जोरदार कळा येतात, वेदनाशामकं लागतात, काही दिवस कणकण राहते. एक-दोन आठवड्यांत बहुतेकजणी कामावर परततात. पोट उघडून पिशवी काढली तर हेच सहा आठवडे लागतात.

दुसरी बाजूही ऐका. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत एम्बोलायझेशन झालेल्या बायकांपैकी साधारण एकतृतीयांश जणींना पुढच्या दहा वर्षांत पिशवी काढावीच लागली. ब्रिटनमध्ये २५४ बायकांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर एम्बोलायझेशन झालेल्यांपेक्षा गाठी काढून घेतलेल्यांचं जीवनमान थोडं जास्त चांगलं आढळलं. पुढे मूल हवं असेल तर सहसा गाठी काढण्याचाच सल्ला देतात. पंचेचाळिशीनंतर एम्बोलायझेशनने पाळी लवकर जाण्याचा धोकाही वाढतो.

आणखी एक अडचण आहे. ऑपरेशन करतात स्त्रीरोगतज्ज्ञ, एम्बोलायझेशन करतात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. ज्याला विचाराल तो स्वाभाविकपणे स्वतःला येणारी वाट आधी सांगतो. म्हणून एमआरआय करून दोघांनाही भेटावं. रेडमंडहून कर्कलंड, बेलव्ह्यू, सिअॅटलची मोठी रुग्णालयं फार लांब नाहीत. दोन्ही डॉक्टर आपल्या इन्शुरन्सच्या यादीत आहेत का आणि पूर्वमंजुरी लागते का, एवढं आधी पाहून ठेवा.

आईचा सल्ला मायेचाच असतो. पण "मुलं झाली, आता पिशवी कशाला" या वाक्याने आपल्या महाराष्ट्रात काय केलं तेही आठवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीसाठी २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या. कॅन्सरची भीती घालून, मजुरी बुडू नये म्हणून यांतली अनेक ऑपरेशनं झाली. रजेचा हिशोब तिथेही होता, फार क्रूर रूपात. पिशवी काढणं कधी कधी खरोखरच योग्य असतं. त्रास पुन्हा नको, मूल नको, गाठी पुष्कळ आहेत, अशा वेळी त्यात काही गैर नाही. फक्त बीजाशयं निरोगी असतील तर ती ठेवणार ना, हे सहीआधी विचारून घ्या. ती काढली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि हाडं व हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते.

दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं असेल तर गाठ बाहेर कशी काढणार, हेही विचारा. यंत्राने पोटातच तुकडे केले आणि गाठीत क्वचित लपलेला कॅन्सर असला तर तो पसरू शकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला, आणि आता तुकडे करायचेच तर ते गाठ बंद थैलीत ठेवून करावेत असं सांगितलं जातं. पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त दिसलं, तर कुठलाही उपचार ठरवण्याआधी अस्तराचा तुकडा तपासून घ्या.

पुढच्या लेखांकात: हिमोग्लोबिन आठवर असताना लोहाच्या गोळ्या की सलाइनमधून लोह?