घड्याळ पुढे करायचं, तर कायदा लागू कधी होतो?

मंडळी, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणारे देश आपल्याला माहीत आहेत. आपल्याकडेही १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे होती. आज तसं करायचं तर काय लागेल? बोईसर-तारापूरचंच उदाहरण घेऊ.

भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, बोईसर ७२.७५ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे. जानेवारीत सहाला पाळीवर येणाऱ्या बाईला अंधारच भेटतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या मूळ कलम ६६ नुसार मात्र स्त्रियांची कामाची वेळ सकाळी ६ पासूनच सुरू होई. हे सहा कोणत्या घड्याळाचे? कलम ३ सांगे, प्रमाण वेळेचे. ती वेळ सर्वसाधारणपणे पाळली जात नाही अशा भागापुरतीच राज्य सरकारला नियमाने स्थानिक वेळ ठरवता येई.

आता अंमलाची तारीख. ती कधी कायद्यातच असते. या अधिनियमात १ एप्रिल १९४९ होती. कधी ती राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरते. त्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला.

म्हणजे बघा, नुसती मंजुरी पुरत नाही. घड्याळ पुढे सरकलं की सहाचा अंधार तासाने वाढणार. म्हणून अधिसूचना निघण्याआधीच आपण विचारायला हवं: पाळीची वेळही बदलणार का?