रानटी काडी, जातिवंत खुंट

कोकणात हापूसचं कोय कलम बांधताना खुंट रायवळाचा घेतात, काडी हापूसची. कोवळा तांबूस कोंब वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवायची आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. मूळ रानवट, फळ जातिवंत!

संत पौलाने बांधलेलं कलम नेमकं याच्या उलट. इ. स. ५७ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात इस्राएल आहे लागवडीचं जैतुनाचं झाड, आणि ख्रिस्ताकडे वळलेले यहुदीतर लोक म्हणजे त्यावर बांधलेली रानटी काडी. ही निसर्गाची रीत नव्हे, हे तो स्वतःच मान्य करतो. सगळा रोख मुळाकडे आहे: मूळ फांदीला पोसतं, फांदी मुळाला नव्हे. मला तरी चर्च आणि इस्राएल यांच्या नात्याचं सर्वांत नेमकं चित्र हेच वाटतं.

‘काय’ म्हणजे काय? गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल ‘देवाच्या इस्राएला’साठी शांती मागतो. त्याआधी एक चिमुकला ग्रीक शब्द येतो, ‘काय’. त्याचा अर्थ ‘आणि’ घेतला तर चर्च आणि इस्राएल वेगळे. ‘म्हणजेच’ घेतला तर चर्च हेच इस्राएल. पंडित आजही यावर भांडतात.

नावही घरातलंच. चर्चसाठीचा ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द सीनाय पर्वताशी जमलेल्या इस्राएलच्या सभेसाठी आला होता.

दोन लाख परत! मार्सियन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाला हिब्रू शास्त्र नकोच होतं. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि, ख्रिस्ती लेखक तर्तुलियन सांगतो त्याप्रमाणे, त्याची दोन लाख सेस्टर्सची देणगीही परत केली. मूळ तोडायला मंडळीने नकार दिला, हे फार मोलाचं. पण झाडावर हक्क सांगणं सुरू झालंच: काही वर्षांतच जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ‘खरं इस्राएल आम्हीच’ असं लिहून ठेवलं.

डोळ्यांवरची पट्टी. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलसाठी १२३० च्या सुमारास दोन स्त्रिया दगडात घडवल्या गेल्या. ‘एक्लेसिया’च्या डोक्यावर मुकुट, नजर ताठ. ‘सिनागोगा’च्या, म्हणजे यहुदी धर्माच्या प्रतीकाच्या, डोळ्यांवर पट्टी, भाला मोडलेला, मान वळलेली, नियमशास्त्राच्या पाट्या हातातून निसटताहेत. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं असं हे धर्मशास्त्र होतं, आणि ते कळलं याचंच दुःख आहे. युरोपातल्या यहुद्यांनी त्याची किंमत शतकानुशतकं मोजली.

तळटीपांचा पराक्रम. १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने इस्राएल आणि चर्च हे देवाचे दोन वेगळे लोक, दोन वेगळ्या योजना, असं मांडलं. हा विचार अमेरिकेत घरोघर नेला तो १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने, पानाखालच्या टिपांतून.

शनवार तेल्यांचं हिब्रू. कोकणात एकेकाळी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल यहुदी आपल्या ओळखीचे. त्यांच्यासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. विल्सन यांना त्यांना ख्रिस्ताकडे आणायचं होतं. समाज हिब्रू शिकला आणि बहुतेक सगळा आपल्या सिनेगॉगमध्येच राहिला.

२,२२१ विरुद्ध ८८. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी नाझींनी मारली. तिरस्काराची शिकवण कुठून आली याचा शोध घेत ते जून १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ ही घोषणा २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केली. यहुद्यांना देवाने टाकलेलं म्हणू नये, असं त्यात स्पष्ट आहे. आधाराला पौलाचं तेच जैतुनाचं झाड!

या घोषणेला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ विद्यापीठात ‘एक्लेसिया’ आणि ‘सिनागोगा’ या दोघी पुन्हा घडवल्या गेल्या. शिल्पकार जोशुआ कॉफमन. पोप फ्रान्सिस यांनी आपले मित्र रब्बी अब्राहम स्कोर्का यांच्यासह पुतळ्याला भेट देऊन आशीर्वाद दिला. यात दोघींच्याही डोक्यावर मुकुट आहे, दोघी शेजारी बसल्या आहेत. एकीच्या हातात तोराची गुंडाळी, दुसरीच्या हातात पुस्तक, आणि प्रत्येकीची नजर दुसरीच्या पानावर.