वीस बळी घेणार कोण?

उन्हाळा लागला, आयपीएलचे सामने सुरू झाले, की आमच्या गंगापुरात बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एकच प्रश्न फिरत असतो. "सर, तुमची टीम कोणती?" विचारणारा बहुधा माझा जुना विद्यार्थी असतो आणि त्याच्या अंगात चेन्नईची पिवळी नाहीतर मुंबईची निळी जर्सी असते. मी म्हणतो, "महाराष्ट्र." तो क्षणभर गोंधळतो आणि मग समजूतदारपणे म्हणतो, "म्हणजे मुंबईच ना, सर?"

नाही हो, मुंबई नव्हे! रणजी करंडकात आपल्या राज्यातून तीन संघ उतरतात. मुंबईचा एक, विदर्भाचा एक आणि या दोघांना वगळून जो उरतो तो महाराष्ट्राचा. पुणे, नाशिक, नगर, सोलापूर, कोल्हापूर, दक्षिण कोकण आणि आपला सगळा मराठवाडा त्यात येतो. म्हणजे गंगापूरच्या पोराने उद्या रणजी खेळायचे ठरवले तर त्याचा संघ हाच. हे ऐकून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "जिंकतात का पण?"

इथे मास्तरची पंचाईत होते. हा संघ रणजी करंडक दोनदा जिंकला आहे, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या होत्या. पण त्या वेळी गंगापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. पहिल्यांदा मुंबईने हरवले, मग लुधियान्यात पंजाबने, मग हैदराबादेत कर्नाटकाने. थोडक्यात, आमच्या गावाने या संघात सामील झाल्यापासून त्याचे एकही विजेतेपद पाहिलेले नाही. आम्ही आलो आणि लक्ष्मी गेली, असे कोणी म्हणाले तर माझ्याकडे उत्तर नाही.

मी या संघाच्या नादी लागलो ते वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या धावफलकांमुळे. लुधियान्याचा १९९२-९३चा अंतिम सामना मी असाच एक दिवस उशिराने, शिक्षकांच्या खोलीत बसून वाचला. पुढच्या वर्षी जमेल, असे त्या दिवशी वाटले होते. तेव्हापासून मी दर वर्षी तेच म्हणत आलो आहे आणि घरचे लोक ऐकून घेत आले आहेत.

इतकी वर्षे हे धावफलक वाचून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमच्या संघाला फलंदाजांचा तोटा कधीच नव्हता. उलट फलंदाजीच्या वैभवाने आमचे डोळे दिपले आणि सामना जिंकायला समोरच्याचे वीस गडी बाद करावे लागतात, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो.

पुरावेच पाहा. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२चा विश्वविक्रम हाताच्या अंतरावर होता, पण उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने खेळ सोडून दिला. ही गोष्ट आपण सगळे हळहळत सांगतो. त्याच मोसमात त्याच पुण्यात झालेला मुंबईविरुद्धचा सामना मात्र कोणी सांगत नाही. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या आणि दुसऱ्यात ७१४. आमच्या धावा ४०७ आणि ६०४. चौथ्या डावात ६०४ धावा करूनही आम्ही ३५४ धावांनी हरलो! दोष फलंदाजांना द्यायचा की तेराशे पासष्ट धावा देणाऱ्यांना?

बरे, ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०१६ साल उगवते. वानखेडे स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. अंकित म्हणजे आमच्या शेजारच्या पैठणला जन्मलेला पोरगा; त्या दिवशी मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या बाजूने ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या आणि दिल्ली ५९०पर्यंत गेली. सामना अनिर्णित. विक्रम आमचा, विजय कोणाचाच नाही. चहाचे पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

मग गोलंदाज कुठे आहेत? आहेत, पण दुसऱ्यांच्या घरी आहेत. गोदावरी ओलांडून नेवाशाच्या पुढे गेले की श्रीरामपूर लागते. तिथला जहीर खान. त्याचे गाव आमच्याच संघाच्या हद्दीतले. तो मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत घडला आणि खेळला बडोद्याकडून. २०००-०१च्या अंतिम सामन्यात रेल्वेच्या दुसऱ्या डावात त्याने पाच बळी घेतले आणि बडोद्याने करंडक उचलला. पुढे तो मुंबईचा झाला. त्याच्या आधी सोलापूरचा सलील अंकोला. प्रथमश्रेणीत पदार्पण महाराष्ट्राकडून आणि पुढे वाट मुंबईची. बीडला जन्मलेला संजय बांगर रेल्वेकडून खेळला, तिथे रणजी जिंकला आणि २००२मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत भारतासाठी सलामीला ६८ धावांची चिवट खेळी करून आला. ही गळती जुनीच आहे. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून त्रिशतक काढून बडोद्याला गेले आणि बडोद्याला करंडक मिळवून दिले.

औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी मात्र महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे धावत राहिला. डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला एक कसोटी मिळाली. जिंकायला पाचच धावा हव्या होत्या म्हणून त्याला सलामीला पाठवले आणि विजयी धावा त्याच्याच बॅटमधून आल्या. एवढ्या एका कसोटीवर आमच्या जिल्ह्यातली टेनिस बॉल खेळणारी एक पिढी जगली.

त्या पिढीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे नाव सांगत नाही. आता तो संसारी माणूस आहे. नववीत असतानाच त्याचा टेप लावलेला टेनिस बॉल यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जायचा. तालुक्यातल्या स्पर्धांत त्याला दोन-दोन संघ पळवायला बघत. एकदा पुण्यात निवड चाचणी असल्याचे कळले आणि मी त्याच्या वडिलांना गळ घातली. आठ दिवस आधी मी एक सिझन बॉल विकत आणला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेला लेदर बॉल तो. शाळेच्या मुरमाड मैदानावर तीन दिवसांत त्याची शिवण निघाली.

पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. कायगावला गोदावरी ओलांडली, नेवासा फाटा, नगर करत दुपारी मैदानावर पोहोचलो. मुले शेकड्यांनी होती. त्याला बारा चेंडू मिळाले. पहिले चार पायाजवळच आपटले, दोन फलंदाजाच्या मागून गेले. हिरव्या खेळपट्टीवर पाय कुठे टाकायचा हेच त्याला कळेना, कारण तशी खेळपट्टी त्याने फक्त टीव्हीवर पाहिली होती. नवव्या चेंडूने मधला यष्टी उडवला, पण तोवर वहीत लिहिणाऱ्यांनी पान उलटले होते. मी त्यांना दोष देत नाही. बारा चेंडूंत कोणाला काय दिसणार? दोष असलाच तर माझा. आठ दिवसांत टेनिस बॉलचा गडी लेदर बॉलचा होत नाही, हे मला कळायला हवे होते. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. घोडेगावच्या आसपास एकदाच म्हणाला, "सर, बॉल लई कडक असतो." वर्षभरात तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला.

म्हणून विदर्भ जिंकला तेव्हा मला आनंद आणि मत्सर एकदमच झाला. १९५७-५८पासून खेळणारा हा संघ साठ वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. विदर्भाशी सामना म्हणजे हक्काचे गुण, असे आम्हीसुद्धा म्हणायचो. त्यांनी काय केले? अकादमीतून वर्षानुवर्षे मुले घडवली. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव वलनी-खापरखेड्याकडून थेट भारतीय संघात गेला आणि वेगवान गोलंदाज नागपुरातही होतात हे पोरांना दिसले. मग २०१७मध्ये चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आणला. वसीम जाफर आधीच मुंबईहून आला होता, पण तो पाहुणा म्हणून न राहता वडीलधारा झाला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून त्यांनी पहिला करंडक घेतला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक केली. पुढच्याच वर्षी दुसरा आणि २०२४-२५मध्ये तिसरा. त्या तिसऱ्या मोसमात त्यांच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला विक्रम. फलंदाज त्यांनीही बाहेरून आणले, जाफर काय किंवा करुण नायर काय. पण बळी घरचीच मुले घेत होती. सगळे गुपित त्यात आहे.

राजस्थानची कथाही तीच. २०१०-११मध्ये तळाच्या गटातून वर येऊन ते विजेते झाले आणि पुढच्या वर्षीही. दोन्ही वेळा कर्णधार कोण? आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर! इथे फार वर्षे खेळलेला माणूस तिथे जाऊन घर बांधून देतो. पण त्याच्या हाताशी पंकज सिंग होता आणि पदार्पणातच दहा धावांत आठ बळी घेऊन हैदराबादला २१ धावांत गुंडाळणारा दीपक चहर होता, हे विसरू नये.

आम्हाला हे जमतच नाही असेही नाही. २०१३-१४मध्ये सुरेंद्र भावे प्रशिक्षक होते. संघ खालच्या गटातून वर आला. केदार जाधवने मोसमात १२२३ धावा केल्या. उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर त्याने आणि जालन्याच्या विजय झोलने मुंबईला आठ गड्यांनी लोळवले. त्या वर्षी समद फल्लाहसारखे गोलंदाज मान मोडून टाकत होते, म्हणून ते झाले. पुढे धागा तुटला. २०१९-२०मध्ये तर पुन्हा खालच्या गटात खेळावे लागले आणि सेनादलाने दिल्लीत आम्हाला ४४ धावांत बाद केले. चव्वेचाळीस! तो आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

२०२५-२६साठी पृथ्वी शॉ मुंबईहून आणि जलज सक्सेना केरळकडून आला. टपरीवर पोरे खूश झाली. पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध फलकावर शून्य धावा असताना आमचे तीन गडी परतले होते. ऋतुराज गायकवाडच्या ९१ धावांनी लाज राखली. जलजबद्दल माझी तक्रार नाही. पस्तिशी ओलांडलेला हा कसबी माणूस तरुण फिरकीपटूंच्या शेजारी दोन-तीन हंगाम बसला तर सोनेच. पण आणखी एक नामांकित फलंदाज म्हणजे भरल्या पोटी पुरणपोळी.

माझ्या हाती संघ दिला (कोणी देणार नाही म्हणूनच इतक्या मोकळेपणाने सांगतो), तर मी पहिली तीन वर्षे करंडकाचे नावही काढणार नाही. प्रशिक्षक एकच ठेवीन आणि हरला तरी ठेवीन. पाच-सहा वेगवान गोलंदाज निवडून त्यांना सांगीन की दोन हंगाम तुम्हाला कोणी हात लावणार नाही. आणि पुण्यात चाचणी ठेवण्याऐवजी चाचणी घेणाऱ्यालाच एसटीत बसवीन. त्याने लासूर स्टेशनला यावे, अंबडला जावे, तुळजापूरला जावे. राजवर्धन हंगरगेकर त्याच तुळजापूरचा, २०२२मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेला. टेनिस बॉलच्या स्पर्धेत जो पोरगा नुसत्या वेगाने माणसे हलवतो, त्याला बारा चेंडू न देता बारा आठवडे द्यावेत. प्रत्येक तालुक्यात हिरवी खेळपट्टी होईल हे स्वप्न मी पाहत नाही. पाण्याच्या टँकरवर जगलेला माणूस आहे मी. पण सिमेंटची पट्टी, वर एक मॅट आणि महिन्याला दोन डझन सिझन बॉल एवढे तर परवडेल? महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३पासून संभाजीनगरच्या नावाचा संघ आला, दिवे लागले, छान झाले. त्या दिव्यांचा उजेड कायगावच्या पुलापर्यंत यावा, एवढेच म्हणणे आहे.

गेल्या महिन्यात माझा तो विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी घरी आला. सोबत त्याचा दहा वर्षांचा मुलगा. चहा झाल्यावर त्याने विचारले, "सर, याला लेदर बॉल कधी द्यायचा?"

"आज," मी म्हणालो.

गंगापुरात मनासारखा चेंडू मिळेना, म्हणून त्याला गाडीवर संभाजीनगरला पाठवले. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही तिघे उभे होतो. पोरगा बापासारखाच लांबून धावत येतो. सहा षटकांतच मुरमाने चेंडूचे कातडे खरवडले. पुढच्या सुट्टीच्या आत मॅट बघायची आहे. कोणाच्या क्लबात जुनी, फाटकी पडली असेल तर आम्ही येऊन घेऊन जाऊ.