गाडी आधी बोलते, मग वीज घेते

विजेच्या गाडीत चार्जिंग गन खोचली की लगेच वीज वाहू लागते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. भिंतीवरच्या चार्जरकडून आधी येतो तो फक्त १२ व्होल्टचा एक इशारा. गाडी जोडली गेली की तो ९ वर उतरतो आणि सेकंदाला १,००० वेळा खाली-वर होऊ लागतो. त्यातला किती वेळ तो वर राहिला, यावरून गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त किती करंट ओढायचा. सुमारे ५३ टक्के असेल तर ३२ अँपिअर, २७ टक्के असेल तर १६. गाडी 'तयार' म्हणाली की इशारा ६ व्होल्टवर येतो, चार्जरमध्ये 'टक्' असा आवाज होतो आणि तेव्हा कुठे २३० व्होल्ट गनपर्यंत पोचतात. गन नुसती हातात असते तेव्हा तिच्या पिनांमध्ये मुख्य वीज नसतेच! आणि हा इशारा परत जातो अर्थिंगच्या तारेतून. गन आणि चार्जर यांच्यामधली ती तार तुटली, तर संवाद थांबतो आणि वीजही.

एवढ्या हुशार संवादात एक भोक मात्र आहे. भिंतीच्या आत कोणती वायर आहे, हे चार्जरला ठाऊक नसतं. बसवणाऱ्याने ३२ वर सेट केलं की तो ३२च सांगणार, मागे अडीच एमएमची वायर का असेना.

इथे जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचा हिशेब आडवा येतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे त्याने १८४१ साली मांडलं. म्हणजे करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. गाडी घरच्या साध्या सॉकेटवर लावली, त्यात पिन जराशी सैल बसली आणि तिथे जेमतेम ०.१ ओहमचा अडथळा आला, तर १५ अँपिअरला नखाएवढ्या जागेत २२ वॅट उष्णता साचते. सोल्डरिंगच्या लहान आयर्नइतकी! ३२ अँपिअरला तीच १०० वॅट होते. जास्त करंट वाहिला की वीज तोडणाऱ्या एमसीबीला यातलं काही कळत नाही. करंट मर्यादेतच असतो, त्यामुळे सॉकेट वितळत असताना ती निवांत बसून राहते.

'पण गीझर चालतो की त्याच सॉकेटवर!' चालतो, पण तो ९ अँपिअर घेतो, तेही पाव तास. ४० युनिटची रिकामी बॅटरी ३.३ किलोवॅटने भरायला बारा-तेरा तास लागतात आणि तेवढा वेळ १४-१५ अँपिअर अखंड वाहत राहतात. घरातलं दुसरं कुठलंही यंत्र सॉकेटला इतकं राबवत नाही.

म्हणून ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.४ किलोवॅटच्या चार्जरला मीटरपासून स्वतंत्र, किमान सहा एमएमची तांब्याची वायर लागते. मीटर ते पार्किंग अंतर ३० मीटर असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, सुमारे ०.२ ओहम. सहा एमएममध्येसुद्धा २०० वॅट वाटेतच मुरतात. अंतर याहून लांब असेल तर दहा एमएमच घ्यावी. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

विजेची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीची गोष्ट तर आणखी विलक्षण. गेलेला आणि परत आलेला करंट ती एका चुंबकीय कड्यातून सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडते. पण गाडीतून डीसी करंट गळू लागला, तर साधं कडं त्याने आंधळं होऊ शकतं. म्हणून चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय असावी, नाहीतर 'टाइप बी' आरसीसीबी लावावी.

अर्थिंगकडे मात्र आपल्याकडे कुणी बघत नाही. दख्खनच्या काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. मे महिन्यात तो सुकला की जमिनीचा विरोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात, ते उगाच नाही. अनेक चार्जर अर्थिंग कच्चं दिसलं की काम करायलाच नकार देतात. लोक चार्जरला नावं ठेवतात. त्याचं बरोबर असतं.

तेव्हा गाडी बुक करण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा, परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा विचार मनातही आणू नका.