तलवारीचा जन्म: मुलांच्या वहीतले राक्षस आणि आपली जिवंत शस्त्रं



तिसरी-चौथीच्या कुठल्याही मुलाची चित्रकलेची वही मागच्या बाजूने उघडा. तिथे 'तो' तुम्हाला हमखास भेटेल. डोकं बैलाचं, शेपूट मगरीचं आणि हाताच्या जागी थेट तलवार. कधी कधी तलवारीलाच डोळे आणि दात. आमच्या महाळुंगे पडवळच्या बाजूला तर त्याचा अस्सल गावरान अवतारही निघालाय: चारी पंजांना ऊसतोडीचे कोयते लावलेला बिबट्या. पालक काळजीने विचारतात, "सर, हे काय काढतंय पोरगं? मोबाईल बंद करू का?"

मोबाईलचं तुम्ही ठरवा. पण हे राक्षस फक्त मोबाईलमधून आले असं समजू नका. जीव असलेलं, डोळे वटारणारं, झपाटलेलं शस्त्र ही कल्पना आपल्या घरात फार जुनी आहे. आणि आपल्या जुन्या गोष्टींमध्ये एक खुबी आहे. शस्त्राला जीव दिला की पाठोपाठ त्याला आवरणारं कुणीतरी गोष्टीत येतंच. मुलांशी बोलायला हा धागा फार उपयोगी पडतो, म्हणून आजचा हा पाठ.

सुरुवात महाभारतापासून करू. शांतिपर्वात एक गोष्ट आहे, जी आपण वर्गात कधीच सांगत नाही. युद्ध संपलंय, भीष्म शरपंजरी आहेत आणि पांडव त्यांना एकेक शंका विचारतायत. नकुल हा तलवारीत तरबेज. तो म्हणतो, आजोबा, लोक धनुष्याला श्रेष्ठ मानतात. पण धनुष्य मोडलं, घोडे पडले, तरी तलवार हातात असली की माणूस स्वतःला वाचवू शकतो. तर मला सांगा, पहिली तलवार कशी जन्मली? कुणासाठी? तिचा पहिला गुरू कोण?

प्रश्न बघा किती मुलासारखा आहे! आणि उत्तर तर थेट मागच्या पानावरचं चित्रच. भीष्म सांगतात, दानव माजले तेव्हा ब्रह्मदेवाने हिमालयावर यज्ञ मांडला. त्या अग्नीतून एक प्राणी उठला. निळ्या कमळाच्या रंगाचा, तीक्ष्ण दाढांचा, पोट खपाटीला गेलेला, भलताच उंच. तो उठताच जमीन हादरली, समुद्र खवळला, झाडांच्या फांद्या मोडून पडल्या. सगळे घाबरले. ब्रह्मदेव म्हणाला, घाबरू नका, याचं नाव 'असि'. मग त्या प्राण्याने आपलं रूप टाकलं आणि तो लखलखत्या धारेची तलवार झाला.

म्हणजे आधी प्राणी, मग शस्त्र. तलवारीला जीव नंतर चिकटवलेला नाही, ती मुळातच एक जनावर आहे. भीष्म तिची जन्मपत्रिकाही देतात: नक्षत्र कृत्तिका, दैवत अग्नी, गोत्र रोहिणी, गुरू रुद्र. लग्न जमवायला लागतं तेवढं सगळं! शिवाय आठ नावं: असि, विशसन, खड्ग, तीक्ष्णधार, दुरासद, श्रीगर्भ, विजय आणि धर्मपाल. यातला 'खड्ग' शब्द मुलांना मुद्दाम सांगा, कारण संस्कृतात गेंड्यालाही खड्गच म्हणतात. नाकावर शिंग घेऊन चालणारं जनावर आणि हातातली तलवार, दोघांना एकच नाव.

पण गोष्टीचा खरा गाभा यापुढे आहे, आणि तो वगळून गोष्ट सांगू नये असं माझं मत आहे. ब्रह्मदेव ही तलवार रुद्राला देतो. रुद्र दानवांचा संहार करतो आणि काम झाल्यावर ती स्वतःजवळ ठेवत नाही. ती विष्णूकडे जाते, विष्णूकडून मरीचीकडे, मग महर्षींकडे, इंद्राकडे, लोकपालांकडे आणि शेवटी मनूकडे, म्हणजे माणसाकडे. पुढे सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी राजांची लांबलचक यादी आहे. ती द्रोण आणि कृपाचार्यांमार्फत पांडवांपर्यंत येऊन थांबते. मनूच्या हाती तलवार देताना अट घातली आहे. कुणी मर्यादा ओलांडली तर आधी शब्दाने समज द्या, मग दंड करा. अंगाला इजा किंवा वध क्षुल्लक कारणासाठी कधीच नको. जगातल्या पहिल्या तलवारीबरोबर तिचे नियमही आले, तलवार हाती पडायच्या क्षणीच.

आता जरा व्याकरणाकडे वळू. कंटाळू नका, हे मजेचं आहे. आपल्या मूर्तिकलेत 'आयुधपुरुष' नावाचा प्रकार आहे. देवाच्या हातातलं शस्त्र माणसाच्या रूपात देवाशेजारी उभं केलेलं असतं. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यांत, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या विष्णुमूर्तीत हे बघायला मिळतं. आता शस्त्राचा माणूस करायचा, तर पुरुष करायचा की बाई? शिल्पकारांनी बहुधा शब्दाचं लिंग पाहिलं. गदा स्त्रीलिंगी, म्हणून गदादेवी. शक्ती स्त्रीलिंगी, म्हणून तीही बाई. खड्ग पुल्लिंगी, म्हणून पुरुष. चक्र संस्कृतात नपुंसकलिंगी; तिथे बहुतेक वेळा बुटक्या पुरुषाची आकृती दिसते, तोच चक्रपुरुष.

हे वर्गात करून पाहा. ती तलवार, तो भाला, ते धनुष्य, तो बाण, ती कट्यार, तो दांडपट्टा, ती तोफ, ते चिलखत. प्रत्येकाला माणूस करून काढा म्हणावं. लिंगविचाराचा धडा पाच मिनिटांत होतो. आणि 'ते धनुष्य' कसं काढायचं यावर वर्गात जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. अशा मूर्तीचा फोटो मिळाला तर आणखी एक गोष्ट दाखवा. देव केवढा मोठा आणि ही शस्त्रं त्याच्या मांडीपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. देवाचा हात त्यांच्यावर टेकलेला असतो, घरातल्या दांडगट पोराच्या डोक्यावर आजोबांनी ठेवावा तसा.

झपाटलेल्या शस्त्रांची गोष्ट हवी असेल तर विराटपर्व काढा. दसऱ्याला आपण शमीची आठवण काढतो, पण पांडवांनी शस्त्रं शमीवर 'लपवली' एवढंच सांगून पुढे जातो. कशी लपवली ते गाळतो, बहुधा मुलं घाबरतील म्हणून. स्मशानाजवळच्या त्या झाडावर शस्त्रांसोबत त्यांनी एक प्रेत बांधलं. वाटेतल्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. झालं! वर्षभर त्या झाडाकडे कुणी फिरकलं नाही. कुलूप नाही, पहारा नाही, नुसती भुताची भीती.

आणि मग राजपुत्र उत्तर. घरात बढाया मारणारा, रणात गाळण उडालेला. अर्जुन त्याला झाडावर चढायला सांगतो. तो म्हणतो, इथे प्रेत आहे म्हणतात, मी राजपुत्र, मी कसा शिवू? अर्जुन म्हणतो, ती धनुष्यं आहेत, भिऊ नकोस. तो चढतो, गाठोडं सोडतो, तर आतली धनुष्यं त्याला जांभया देणाऱ्या नागांसारखी दिसतात आणि अंगावर सर्रकन काटा येतो. मग तो काय करतो? एकेका शस्त्राबद्दल विचारत सुटतो. हे कुणाचं? त्या सोन्याच्या ठिपक्यांचं कुणाचं? अर्जुन न कंटाळता उत्तर देतो: हे गांडीव, हे भीमाचं, हे नकुलाचं. नावं कळत जातात तसा उत्तर सावरतो. घाबरलेल्या मुलाला कसं सांभाळावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आवर घालणं म्हणजे काय, हे अश्वत्थाम्याच्या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसतं. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघंही ब्रह्मास्त्र सोडतात. ऋषी सांगतात, परत घ्या. अर्जुनाला परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. सोडायला शिकलेला, परत घ्यायला न शिकलेला. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुखही याच जातीचं. राहूला खायला शिवाने निर्माण केलेला तो भुकेला जीव. राहू शरण आला, मग याने खायचं काय? स्वतःलाच खा, असं शिव म्हणाला आणि उरलं ते फक्त तोंड.

आता पुराणातून आपल्या तालुक्यांच्या मातीवर येऊ. शिवनेरीवर मुलांना नेतो तेव्हा आपण भरभर वर चढतो, जन्मस्थान गाठायची घाई असते. पण दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत, तिथे थांबा. शरभ म्हणजे सिंहासारखा दिसणारा काल्पनिक पशू. दख्खनच्या अनेक किल्ल्यांवर तो पंजांत हत्ती दाबून उभा असतो. हत्ती म्हणजे शत्रूची ताकद. दगडाचा दरवाजा बोलू शकत नाही, म्हणून त्याच्यावर हा पशू बसवला.

हाच पशू पुढे तोफेच्या तोंडात शिरला. याचं नातं जुन्नरशी आहे. मलिक अहमद जुन्नरला असतानाच १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळा झाला. अहमदनगर शहर त्याने नंतर, १४९४ मध्ये वसवलं. त्याच निजामशाहीत, बुरहान निजामशहाच्या काळात, १५४९ साली अहमदनगरला एक तोफ ओतली गेली: मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला कारागीर. घंटेच्या धातूची ही तोफ सुमारे चौदा फूट लांब आणि वजनाला ५५ टनांच्या आसपास. तिचं तोंड म्हणजे जबडा उघडलेल्या सिंहासारख्या अक्राळविक्राळ प्राण्याचं डोकं, आणि दातांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. गोळा सुटायचा तो त्या प्राण्याच्या घशातून. मुलांच्या वहीतलं चित्र पावणेपाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी धातूत ओतून ठेवलंय, असं म्हणायला हरकत नाही.

काही काळ ती परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. आजही तिथल्या बुरुजावर आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी निरुपयोगी सामान म्हणून ती विकायला काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! अधिकाऱ्यांनाच ते बरं वाटलं नाही आणि विक्री थांबली. ही किंमत मुलांना सांगा, वर्ग हसतो. पण मग विचारा, ज्या प्राण्याला बघून सैन्यं घाबरायची, त्याची किंमत दीडशे रुपये कशी झाली?

आता तो कोयत्यांचा बिबट्या. मोठ्यांना तो चमत्कारिक वाटतो, पण विचार केला तर मुलाने अगदी अचूक काढलाय. आपल्याकडे बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. आणि ऊस तोडायला कोयता येतो. दोघंही एकाच फडातले. अंधार पडला की बाहेर जाऊ नकोस, शेताच्या कडेने एकटा चालू नकोस, हे आपल्या मुलांनी रोज ऐकायचं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडून आणलेले बिबटे आहेत हेही त्यांना ठाऊक असतं. ही भीती खोटी नाही. त्यामुळे "असलं घाणेरडं काढू नको" म्हणून पान फाडलं, तर पान जातं, भीती राहते.

त्यापेक्षा उत्तराला अर्जुनाने जसं सांभाळलं तसं करा. याचं नाव काय, विचारा. हा कुणाचं ऐकतो? काम झालं की हे कोयते कुठे ठेवतो? माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रश्नाला मुलं सर्वांत जास्त वेळ घेतात. कुणी म्यान काढतं, कुणी पेटी, एकीने बिबट्याची आई काढली आणि कोयते तिच्या ताब्यात दिले. तुमच्या घरचं मूल काय काढेल ते त्याचं त्याला ठरवू द्या, सुचवू नका.

एक शंका पालक नेहमी काढतात: शस्त्रांबद्दल इतकं बोललं तर मुलं हाणामारीकडे वळणार नाहीत का? हे गाव हुतात्मा बाबू गेनूंचं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ते रिकाम्या हातांनी आडवे झाले, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. शस्त्र काय करतं आणि काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी ज्या मुलांना माहीत आहेत, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला घाबरायचं कारण मला दिसत नाही. विषय टाळला तर तो मागच्या पानावर जातो इतकंच.

हा पाठ खंडेनवमीच्या आठवड्यात घेतला तर उत्तम. त्या दिवशी घरोघरी विळा, कोयता, पहार, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. जपानी लोककथांतही शंभर वर्षं वापरलेल्या अवजारात जीव येतो अशी समजूत आहे; तिथलं आणि आपलं ताडून बघायला मोठ्या मुलांना आवडतं. मुलांना घरातल्या एका अवजाराची नकुलासारखी चौकशी करून यायला सांगा: ते कुणी घेतलं, कधी, आधी कुणाच्या हातात होतं, आता कोण वापरतं. अवजार मात्र शाळेत आणायचं नाही, चित्र काढून आणायचं, हे आदल्या दिवशी वहीत लिहून द्या आणि पालकांची सही घ्या. नाहीतर सकाळी दप्तरातून विळा निघतो.