‘नेट स्लो आहे’ म्हणण्याआधी

‘नेट गेलं’, ‘रेंज नाही’, ‘मेमरी फुल झाली’ ही वाक्यं आज घरोघरी ऐकू येतात. शब्द सवयीचे झाले, पण त्यांच्या अर्थांची सरमिसळ झाली आणि तिचा भुर्दंड ग्राहकालाच बसतो. तक्रार नेमकी मांडता येत नाही, दुकानदार दाखवेल तो मोबाइल घ्यावा लागतो, फसव्या लिंकवरही विश्वास बसतो. म्हणून नेहमीच्या सहा गैरसमजांचा हा खुलासा.

गैरसमज १ : वायफाय फुल दाखवतंय, म्हणजे इंटरनेट सुरू आहे.

वस्तुस्थिती : वायफाय म्हणजे तुमचा मोबाइल आणि घरातला राउटर यांना जोडणाऱ्या रेडिओ लहरी. राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीची लाइन सुरू होते आणि ती बंद असली तरी वायफाय फुल दिसू शकतं. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा पाहा. तो लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. कंपनीला ‘एलओएस लाल आहे’ एवढं सांगा. याउलट हॉलमध्ये नेट छान चालतं आणि आतल्या खोलीत रखडतं, तर दोष बहुधा भिंतींचा असतो. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण भिंतींपुढे ते २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर हात टेकतं.

गैरसमज २ : १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, म्हणजे सेकंदाला १०० एमबी डाउनलोड होणार.

वस्तुस्थिती : प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० ला ८ ने भागायचं : सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. १ जीबीचा सिनेमा उतरायला सगळं सुरळीत असतानाही ८० सेकंद लागतात. इंग्रजी लिहिताना स्मॉल ‘बी’ म्हणजे बिट आणि कॅपिटल ‘बी’ म्हणजे बाइट. जाहिरात वाचताना एवढ्या एका अक्षराकडे लक्ष द्या. ‘ब्रॉडबँड’ हा शब्दही मोघम नाही. आपल्याकडे त्यासाठी किमान वेग ठरलेला आहे. पूर्वी तो ५१२ केबीपीएस होता, २०२३ मध्ये सरकारने तो २ एमबीपीएस केला.

गैरसमज ३ : १ टीबीची हार्ड डिस्क कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसते, म्हणजे दुकानदाराने फसवलं.

वस्तुस्थिती : डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत. डिस्क तीच, बाइटही तेवढेच, फक्त माप वेगळं. हा घोळ मिटावा म्हणून १,०२४ च्या हिशेबासाठी १९९८ मध्ये गिबिबाइटसारखी वेगळी एककं ठरवली गेली, पण ती बाजारात रुळली नाहीत.

गैरसमज ४ : मोबाइलची मेमरी फुल झाली, आता जास्त रॅमचा फोन घ्यायला हवा.

वस्तुस्थिती : फोटो, व्हिडिओ आणि ॲप स्टोरेजमध्ये साठतात. रॅममध्ये फक्त त्या घडीला चाललेलं काम असतं आणि फोन बंद केला की ती रिकामी होते. ‘जागा उरली नाही’ असा संदेश आला तर प्रश्न स्टोरेजचा आहे. नको असलेले व्हिडिओ पुसले तर बऱ्याचदा नवा फोन लागतच नाही.

गैरसमज ५ : परदेशातला डेटा उपग्रहांवरून येतो.

वस्तुस्थिती : खंडाखंडांमधली जवळपास सगळी डेटा वाहतूक समुद्राच्या तळावरच्या केबलमधून होते. खोल समुद्रात ही केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते आणि तिच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तंतूंमधून प्रकाश धावतो. भारतात येणाऱ्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं, ते याच कारणाने.

केबलच का, याचं उत्तर अंतरात आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. काचेच्या तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो; दहा हजार किलोमीटरची केबल असली तरी जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग पुरतो. या उशिराला लेटन्सी म्हणतात. एमबीपीएस भरपूर असूनही व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलू लागतात, ते लेटन्सीमुळे. कमी उंचीवरच्या नव्या उपग्रहांनी हा उशीर बराच घटवला आहे आणि दुर्गम गावांसाठी ती मोठी सोय आहे, पण मुख्य भार आजही केबलच वाहते.

गैरसमज ६ : पत्त्याशेजारी कुलूप दिसलं, म्हणजे वेबसाइट खरी.

वस्तुस्थिती : कुलूप किंवा ‘एचटीटीपीएस’ एवढीच ग्वाही देतं, की तुमचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळतं आणि फसव्या साइटही ते सर्रास घेतात. लोकांची हीच गल्लत होते म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह बदलून टाकलं.

खरी खूण पत्त्यातच असते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि पुढच्या पहिल्या एकेरी रेघेच्या लगेच आधीचं नाव वाचा. साइट त्या नावाच्या मालकाची. बँकेचं नाव पत्त्यात आणखी कुठे असेल तर त्याला काही अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारा पत्ता घ्यायला सांगितलं, तो यासाठीच.

हे सहा मुद्दे घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्याच मोबाइलवर दाखवून समजावून सांगा. नेमका शब्द वापरणाऱ्या ग्राहकाला टोलवणं अवघड जातं आणि फसवणंही. तरीही पैसे गेलेच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.